गीझर चालूच ठेवा म्हणणाऱ्यांना

नोव्हेंबर सरत आला की भोपाळात पहाटेच्या पाण्यात हात घालवत नाही, आणि त्याच सुमाराला दरवर्षी एक सल्ला नव्याने फिरू लागतो. गीझर सारखा चालू-बंद करू नका, त्यात वीज जास्त जाते. पाणी तापलं की थर्मोस्टॅट आपोआप पुरवठा तोडतो, तेव्हा बटण दिवसभर चालूच असू द्या; गारढोण पाणी नव्याने तापवण्यापेक्षा तापलेलं तापतं ठेवणं स्वस्त पडतं. हा सल्ला इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, लग्नाच्या पंगतीत मिळतो, नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर तर तो फुकटच देऊन जातो. १९५६ साली ज्या शहरात हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, जिथे धरणांसाठी टर्बाइन घडले, तिथल्या पिपलानी-बरखेड्यात राहून निवृत्त झालेली जाणती मंडळीही तो छातीठोकपणे देतात, याचं मला जास्त नवल वाटतं.

सल्ला मुळातच चूक आहे. का चूक आहे ते सांगतो, आणि त्याच्या आधाराला येणारे बाकीचे युक्तिवादही एकेक करून तपासतो.

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास वीज लागते. हा निसर्गाचा भाव आहे, त्यात कोणत्याही कंपनीला सवलत नाही. जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी १६ अंशांच्या आसपास असतं असं धरू. २५ लिटरची टाकी ६० अंशांपर्यंत न्यायची तर सुमारे १.३ युनिट लागतील. दोन किलोवॉटच्या कॉइलला त्यासाठी चाळीस मिनिटं पुरतात. इथवर कोणाचं दुमत नसावं.

आता पाणी तापलं, दिवा विझला, थर्मोस्टॅटने तोडलं. 'चालूच ठेवा' पक्षाचा हिशेब इथे संपतो, पण मीटरचा संपत नाही. टाकी साठ अंशांवर, बाथरूम पंधरावर. टाकीभोवतीच्या फोमच्या थरातून, पाइपांच्या जोडातून, भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांतूनसुद्धा उष्णता बाहेर पडत राहते. पाणी काही अंशांनी उतरलं की थर्मोस्टॅट पुन्हा जोडतो. आपण ऑफिसात असतो, मुलं शाळेत असतात, बाथरूमला बाहेरून कडी असते, आणि आत गीझर दर थोड्या वेळाने पेटून भिंत शेकत बसलेला असतो.

टाकीच्या तळाला भोक असेल तर टाकी जितकी भरलेली तितकी धार जोरात. ती सतत काठोकाठ भरून ठेवणाऱ्याचं पाणी जास्त वाया जाईल की तिला हळूहळू उतरू देणाऱ्याचं? उष्णतेची गळतीही याच चालीने होते: आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक जितका मोठा, तितका वेग जास्त. बटण बंद केलेली टाकी गार होत जाते तसा हा फरक घटतो आणि गळती मंदावते. चालू ठेवलेली टाकी मात्र चोवीस तास वरच्याच वेगाने गळत राहते. सकाळी पुन्हा तापवताना आपण फक्त गळलेली उष्णता भरून देतो, त्याहून कणभरही जास्त नाही. जी कमी गळली ती भरायला वीज कमी लागणार. याला अपवाद नाही. टाकी लहान असो, मोठी असो, पाच तारे असोत की एकही नसो, बंद ठेवलेला गीझर चालू ठेवलेल्यापेक्षा जास्त वीज घेऊच शकत नाही.

मग ही समजूत आली कुठून? मला वाटतं, मोटारीवरून. बोअरवेलचा पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, घरातले दिवे मंद होतात, हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं. त्यावरून 'सुरू करायलाच वीज जास्त लागते' हा निष्कर्ष निघाला आणि तो पंपावरून उचलून गीझरला चिकटवला गेला. पण गीझरमध्ये फिरणारं काहीच नाही. आत नायक्रोमची तार आहे, तिला जडत्व नाही, उचल खावी लागत नाही. पहिल्या सेकंदाला जेवढी वीज घेते तेवढीच ती चाळिसाव्या मिनिटाला घेते. पंपाच्या बाबतीतही तो झटका इतका अल्पजीवी असतो की बिलात दिसत नाही, पण ते असो.

दुसरा युक्तिवाद फ्रिजचा. "फ्रिज कुठे आपण बंद-चालू करतो?" नाही करत, कारण दूध रात्री तीन वाजताही नासतं. रात्री तीन वाजता आंघोळ कोण करतं?

१९५६ च्या नोव्हेंबरात भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झाली, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून सरकारी नोकरीतली मराठी घरं इथे आली. त्या पिढीने तांब्याच्या बंबावर पाणी तापवलं. बंबात दिवसभर ढलप्या घालत बसा, विझवून पुन्हा पेटवण्यात लाकूड जास्त जातं, असं त्यांच्यातल्या कोणा आजीने सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. लाकूड जळताना दिसायचं. वीज दिसत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल काहीही खपतं.

गळती किती, हा प्रश्न रास्त आहे. गीझरवरचे तारे नेमकं हेच मोजतात: आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम राखायला चोवीस तासांत किती वीज लागते. पाणी तापवण्याची कार्यक्षमता त्यांत नाही, कारण सगळ्याच कॉइल घेतलेली जवळपास सगळी वीज पाण्यातच सोडतात. म्हणजे पाच ताऱ्यांचा गीझर घेणाऱ्याने पैसे मोजले ते गळती कमी करण्यासाठी. जो तासभरच गीझर लावतो त्याला त्या ताऱ्यांचा फायदा थोडा, आणि जो दिवसभर लावतो त्याचं नुकसान ते निम्म्यावर आणतील, शून्यावर नाही. दहा-बारा वर्षं जुन्या, फोम बसलेल्या २५ लिटरच्या टाकीची गळती दिवसाला एका युनिटाच्या आसपास धरायला हरकत नाही. महिन्याला तीस.

पण 'बंद ठेवा' म्हणणारेसुद्धा अर्ध्यावरच थांबतात. बहुतेक घरांत गीझर आंघोळ आटोपल्यावर बंद होतो, आणि तिथेच मोठी चूक होते. टाकीत गार पाणी तळाशी शिरतं आणि ते गरम पाण्याला वरच्या तोंडातून बाहेर ढकलतं. तुम्ही एक तांब्या घेतलात की एक तांब्या गार पाणी आत आलंच. बटण चालू असेल तर कॉइल लगेच ते तापवायला लागते. शेवटचा माणूस अंग पुसत बाहेर येतो आणि मागे गीझर पुन्हा टाकी भरून पाणी तापवतो. कोणाला तरी आठवण होते, बटण बंद होतं, पण तोवर युनिटभर वीज आत कोंडून झालेली असते. ते पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत निवणार. म्हणून बटण बंद करायची वेळ आंघोळीनंतरची नव्हे, शेवटचा माणूस आत जाण्याआधीची. टाकीतलं तापलेलं पाणी त्याला पुरतं, आणि मागे उरतं ते कोमट. त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही, म्हणून कदाचित ते कोणी सांगतही नाही.

थर्मोस्टॅटच्या चकतीचंही तसंच. कारखान्यातून ती पुष्कळदा वरच्या टोकाला लावून येते, आणि मिस्त्रीने बसवून दिल्यावर तिला कोणी हात लावत नाही. कढत पाणी काढायचं आणि मग त्यात अर्धी बादली विसण ओतायचं, हा आपला शिरस्ता. ५० ते ५५ अंशांवर आणली तरी विसण घालावंच लागतं. याहून खाली मात्र नेऊ नये, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. घरात फुप्फुसांचा आजार असलेलं कोणी असेल तर साठच ठेवा.

घरातला मुलगा खोलीतला दिवा चालू ठेवून बाहेर गेला की ओरडा खातो. नऊ वॉटचा एलईडी सहा तास जळला तर ०.०५ युनिट. वीस लिटर पाणी १६ वरून ४० अंशांवर, म्हणजे एका माणसाची एक बादली आंघोळ, सुमारे ०.५६ युनिट. दहा दिवे संध्याकाळभर जळले तर एका बादलीची बरोबरी होते. वीजबचतीची भित्तिपत्रकं अजून दिव्यांवरच अडकली आहेत, आणि घरातली शिस्तही. त्याच घरात शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. तो सहज तीन-चार बादल्या संपवतो. गीझर वीज खातो म्हणून जे कपाळावर हात मारतात त्यांनी आधी शॉवर बंद करून बादली लावून पाहावी. कोणत्याही ताऱ्यांनी होणार नाही एवढी बचत तिथे आहे.

आता इन्स्टंट गीझर. "तीन किलोवॉट! तो तर दीडपट वीज खाईल," असं म्हणणारे किलोवॉट आणि युनिट यांत गल्लत करतात. बिल युनिटचं येतं, आणि पाणी तेवढंच तापवायचं तर युनिटही तेवढेच. उलट साठवण नसल्याने गळती नाही. स्वयंपाकघरात तो उत्तम, विशेषतः बाथरूमच्या गीझरपासून नळ लांब असेल तर: अर्ध्या इंची पाइपच्या दहा मीटरमध्ये पावणेदोन लिटर पाणी मावतं, आणि दोन वाट्या धुवायला प्रत्येक वेळी तेवढं गरम पाणी पाइपमध्ये अडकून निवतं. मात्र आंघोळीसाठी त्याची खरी अडचण विक्रेता सांगत नाही. पाणी २५ अंशांनी तापवायचं तर तीन किलोवॉटमधून मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर मिळतं. वीस लिटरची बादली भरायला दहा-बारा मिनिटं. मुंबईत हे चालतं, तिथे टाकीतलं पाणी मुळात इतकं गार नसतं. भोपाळच्या जानेवारीत माणूस कुडकुडत वाट पाहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा २५ लिटरवाला घेतो.

क्षारांचं भयही असंच फुगवलेलं. कोलार रोड, होशंगाबाद रोडकडच्या बोअरवेलवर चालणाऱ्या कॉलन्यांत पाणी जड, कॉइलवर पांढरा थर चढतो हे खरं. 'त्यामुळे वीज दुप्पट जाते' हे मात्र खरं नाही. थर चढलेली कॉइलही आपली उष्णता शेवटी पाण्यातच देते, जाणार कुठे? बिघडतं ते दुसरंच: कॉइल आतून जास्त तापते आणि जळते, टाकी गंजते. सर्व्हिसिंग करा, मॅग्नेशियमचा दांडा संपला असेल तर बदला, पण टाकीचं आयुष्य वाढावं म्हणून. बिल उतरेल या आशेने केलंत तर फसाल.

गॅस गीझर सुचवणारेही भेटतात. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून ऐंशी टक्के उष्णता पाण्यात उतरली असं उदारपणे मानलं तरी सुमारे १४५ युनिटांएवढं काम होतं. सिलिंडर साडेआठशेला धरला तर युनिटामागे सहा रुपयांच्या आसपास. वीजही घरगुती दराने याच्या आगेमागेच पडते. एवढ्यासाठी बंद बाथरूममध्ये ज्योत पेटवायची? कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हिवाळ्यात आपण खिडकी लावून घेतो. माझं मत विचाराल तर बाथरूमच्या आत तो नकोच.

सौर बंबावर वाद नाही. भोपाळचा हिवाळा निरभ्र असतो, ज्याची गच्ची त्याची आहे त्याने लावावा. ज्याची गच्ची सोसायटीची आहे त्याला हा सल्ला म्हणजे कोरडी सहानुभूती.

आता एक प्रतिवाद असा, ज्याला वजन आहे. मध्य प्रदेशच्या २०२५-२६ च्या वीजदरांत स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर ऊर्जा आकारात २० टक्के सूट आहे. मग दिवसा तापवून ठेवलं तर? दुपारी साडेचारला तापवून संध्याकाळी सातला वापरणार असाल तर जरूर. गळती त्या मानाने थोडी. निवृत्त माणसांनी आंघोळ साडेनऊला ढकलली तर फायदा नक्की. पण दुपारी तापवून दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत राखायचं, तर वीस टक्के सूट टाकी रात्रभरात परत घेते. जिथे रात्रीचे दर दिवसाच्या निम्मे असतात अशा देशांत साठवणीचं गणित जमतं. आपल्याकडच्या पातळ टाक्यांत नाही.

"अहो, पण महिन्याला तीस युनिट म्हणजे दीड-दोनशे रुपये. त्यासाठी म्हातारी माणसं थंडीत ताटकळत ठेवायची?" हा भावनेचा मुद्दा सर्वांत जास्त चालतो. ताटकळायचं काही कारण नाही, उठल्यावर बटण दाबा, चहा होईस्तोवर पाणी तयार. पण 'दीडशे रुपये' हाच आकडा भोपाळात लागू नाही.

इथे अटल गृह ज्योती योजना आहे. महिन्याला १५० युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला पहिली १०० युनिटं १०० रुपयांत, वरची नेहमीच्या दराने. एका युनिटाने ओलांडलं की त्या महिन्याची सवलत सगळीच जाते आणि पहिल्या युनिटापासून पूर्ण दर लागतो. रीडिंग तीस दिवसांचं नसेल तर मर्यादा दिवसाला पाच युनिट या हिशेबाने बसते. आता तुलसीनगरातल्या एखाद्या चार माणसांच्या क्वार्टरचा जानेवारी मांडू. फ्रिज, दिवे, टीव्ही, मिक्सर, इस्त्री मिळून दिवसाला दोन, महिन्याला ६०. चौघांच्या बादली-आंघोळी, दिवसाला सव्वादोन, महिन्याला ६७. शिस्तीने चालवलेल्या गीझरची थोडी गळती धरून एकूण १३३. बिल ढोबळमानाने तीनशे-साडेतीनशे. तेच घर, तेवढ्याच आंघोळी, पण गीझर दिवसभर चालू: १५७. बिल नऊशेच्या पुढे. म्हणजे 'दीडशे रुपयांची' मानलेली गळती प्रत्यक्षात साडेपाचशे-सहाशेला पडली, आणि त्या पैशात कोणाच्या अंगावर एक तांब्याही जास्त ओतला गेला नाही.

अरेरा कॉलनीतल्या चारशे युनिटवाल्यांना ही वेस नाही, हे मान्य. पण तिथेही सुटका नाही: १५० च्या वरच्या टप्प्यांत स्थिर आकारसुद्धा वापरावरूनच ठरतो, दर १५ युनिटांना ०.१ किलोवॉट भार धरून. नावाला स्थिर. गळलेल्या युनिटांवर तोही चढतो.

योजनेची ही रचना मला पटत नाही. १५० ला सरळ कडा ठेवण्याऐवजी उतार ठेवला असता तर एका युनिटाने घसरणारी घरं वाचली असती, आणि भोपाळच्या जानेवारीला व मार्चला एकच मोजमाप लावणंही अन्यायाचं आहे. दरवर्षी दर ठरण्याआधी विद्युत नियामक आयोग लोकांकडून हरकती मागवतो, त्याचं कार्यालय इथेच बिट्टन मार्केटात आहे. सवलत सरकारची असते, आयोगाची नव्हे, हे ठाऊक असूनही तिथे हे बोलायला हवं, कारण दुसरीकडे कोण ऐकतंय? पण रचना बदलेपर्यंत ती आहे तशी आहे, आणि तिच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसाला 'गीझर चालूच ठेवा' सांगणं म्हणजे त्याला ढकलणं.

एवढ्यावरही ज्यांना पटत नसेल त्यांच्यासाठी साधी तपासणी. रात्री दहाला, पाणी पूर्ण तापून गीझरचा दिवा विझला की मीटरचं रीडिंग दशांशासकट लिहून घ्या. गीझर चालू ठेवा. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी होऊन दिवा पुन्हा विझला की परत रीडिंग घ्या. दुसऱ्या रात्री दहालाच तसंच रीडिंग, पण बटण बंद. सकाळी उठल्यावर चालू करा, बाकी सगळं तेच. म्हणजे गार झालेलं पाणी पुन्हा तापवण्याचा खर्चही याच आकड्यात आला, तुमच्यावर अन्याय नको. एका रात्रीवर भरवसा ठेवू नका, थर्मोस्टॅट नेमका कधी जोडेल सांगता येत नाही. आलटून पालटून आठ-दहा रात्री घ्या. मग कागद घेऊन या, वाद घालायला मी तयार आहे.